विहिरीतल्या दगडी गोगलगाईचं वय

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे. विहीर खोल करताना पस्तीसेक फुटांवर पांढरट, टणक थर लागला. त्यात गोगलगाईसारखे दगड आणि लाकडाच्या ढलपीसारखा एक तुकडा निघाला. शाळेतल्या गुरुजींनी वय साडेसहा कोटी वर्षं सांगितलं, मेव्हण्याने पाच हजार. तर कार्बन डेटिंग कुठे करून मिळेल, हा प्रश्न. जोडीला एक टोमणाही आहे: तुम्ही लोक जीवाश्मावरून दगडाचं वय सांगता नि दगडावरून जीवाश्माचं, मग खरं मोजता कधी?

टोमणा रास्त आहे, त्याच्याकडे येतेच. आधी कार्बन डेटिंगचा विषय मिटवू, कारण त्यावर पैसे घालवू नका असंच माझं सांगणं आहे.

कार्बन-१४ हवेतून झाडात जातो, झाडातून जनावरात. जीव मेला की नवा कार्बन येणं थांबतं आणि असलेला दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. दहा वेळा निम्मा झाला की हजारात एक भाग उरतो. म्हणून साधारण ५० हजार वर्षांपलीकडे या पद्धतीच्या हाती काही लागत नाही. गुरुजींचा आकडा खरा धरला तर तो अकरा हजारांहून जास्त वेळा निम्मा झालेला असणार, म्हणजे मूळचा एक अणूही शिल्लक नाही. नागपूर जिल्ह्यात टाकळघाट, नायकुंडकडे शिळावर्तुळांजवळ (जुन्या दफनांभोवती रचलेले दगडांचे गोल) खोदकामात कोळसा मिळाला तर त्याच्यासाठी कार्बन-१४ चोख आहे. तिथली माणसं फार तर दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची.

दुसरी अडचण तुमच्या गोगलगाईतच आहे. तिचा मूळ शिंपला बहुधा उरलेलाच नाही. एक फुटका तुकडा घ्या, ताज्या कडेवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका. नसेल तर लिंबाचा रस टाकून भिंगातून बघा. बुडबुडे आले तर चुना आहे, नाही आले तर सिलिका, म्हणजे गारेच्या जातीचा पदार्थ. आपल्याकडे दुसरं जास्त दिसतं. लाव्ह्यातून पाझरलेल्या पाण्यातल्या सिलिकाने शिंपल्याची जागा कणाकणाने घेतलेली असते. आकार गोगलगाईचा, पदार्थ दगडाचा. लाकडाचंही तेच. ज्यात मूळचा कार्बनच नाही, त्याचं कार्बन डेटिंग कसलं?

मी बरीच वर्षं भूजल सर्वेक्षणात काढली, त्यामुळे खडक शिकले ते मुख्यतः विहिरींच्या भिंतींवरून. गोटा हातात देऊन "मॅडम, हा कितीक वर्साचा अशीन जी?" असं विचारणारे खूप भेटतात. माझा उलटा प्रश्न ठरलेला: कुठून काढला, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं? लोकांना वाटतं बाई उत्तर टाळते. पण वय त्या गोट्यात नसतंच हो. जीवाश्माचं वय आम्ही सहसा मोजत नाही. मोजतो ते त्याच्या वरच्या आणि खालच्या खडकाचं. जीवाश्म त्या दोघांच्या मधला, एवढंच खात्रीने म्हणता येतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

तुम्ही गिरडच्या बाजूचे, म्हणून एक गोष्ट मात्र आधी तपासा: तो जीवाश्म आहे ना? शेख फरीद बाबांच्या टेकडीवर जायफळ-सुपारीसारखे गोल दगड मिळतात. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असणार. भूविज्ञानाच्या नजरेने ते झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे आहेत. लाव्हा थिजताना त्यात वायूचे फुगे अडकले आणि त्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या. तसे गोळे सुटे झाले की फळासारखे दिसतात, पण त्यात जीव कधी नव्हता. गोगलगाईची खूण वेगळी. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. वेढे स्पष्ट दिसत असतील आणि तोंड तुमच्या डाव्या हाताला येत असेल, तर ती बहुतेक फायसा, गोड्या पाण्यातली डावखुरी गोगलगाय. बहुतेक गोगलगाईंचं तोंड उजवीकडे असतं, म्हणून ही चटकन ओळखू येते. नागपूरजवळ टाकळीच्या थरांतून असे शिंपले स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकातच गोळा केले होते. त्यांच्याच नावाचं कॉलेज नागपुरात आहे.

आता विहिरीत उतरू. तुमच्या भागातली विहीर साधारण अशी असते: वर काळी माती, मग मुरूम, मग काळा फत्तर, त्याखाली कधी भोकाभोकांचा मांजऱ्या, कधी लाल मातीचा पट्टा, आणि परत काळा फत्तर. काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. तो एका दमात आलेला नाही. एक थर आला, निवला, मधे बराच काळ गेला, त्या काळात खोलगट जागी तळी साचली, काठाने झाडं उगवली, तळ्यात गोगलगाई झाल्या. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं गाडून टाकलं. तुमचा पांढरट थर हा त्या तळ्याचा गाळ असावा.

"असावा" म्हणते, कारण इथे बरंच काही तुमच्या विहिरीवर अवलंबून आहे. गाळाच्या वर खरोखर सलग लाव्हा आहे, की नुसती माती आणि सुटे धोंडे? सुटे धोंडे असतील तर वरची मर्यादा गेली. तो गाळ लाव्ह्यानंतर कितीही उशिरा साचलेला असू शकतो, आणि त्यातली गोगलगाय दुसरीकडून वाहूनही आलेली असू शकते. मग मेव्हण्यांचं म्हणणंही लगेच उडवून लावता येणार नाही. सलग कातळ असेल तर त्याला लागून असलेली गाळाची वरची कड बघा. तापलेला लाव्हा अंगावर आला असेल तर ती कड कडक, कधी लालसर, भाजल्यासारखी दिसते.

खालची कड त्याहून महत्त्वाची. गाळाखालचा लाव्हा खरंच जुना असेल तर त्याचा माथा फुगे-फुग्यांचा असतो, त्याच्या भेगांत गाळ शिरलेला असतो, आणि गाळात त्या लाव्ह्याचे झिजलेले खडे सापडतात. पण कधीकधी लाव्हा नंतर खालून घुसतो आणि दोन थरांच्या मधे आडवा पसरतो. तेव्हा गाळाची खालची कडही भाजलेली निघते आणि भेगांत गाळ भरलेला दिसत नाही. असा खडक खाली असूनही गाळापेक्षा तरुण. खालचं ते जुनं हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे, विहिरीत तो पुढे जाऊन हाताने तपासावा लागतो.

इथवर झालेलं सगळं म्हणजे नुसता क्रम: आधी कोण, नंतर कोण. वर्षांचा आकडा यायला घड्याळ लागतं, आणि ते लाव्ह्यात आहे.

लाव्ह्यात पोटॅशियम असतं. त्याचा अगदी बारीक अंश पोटॅशियम-४० या किरणोत्सारी रूपात असतो, आणि तो दर १२५ कोटी वर्षांनी निम्मा होतो. मोडणाऱ्या दर शंभरातले साधारण अकरा अणू आर्गॉन वायू होतात, बाकीचे कॅल्शियम. लाव्हा पातळ असतो तोवर आर्गॉन उडून जातो. थिजला की पुढे तयार होणारा आर्गॉन स्फटिकात अडकून राहतो, म्हणजे घड्याळ शून्यावरून सुरू. आज पोटॅशियम किती आणि आर्गॉन किती हे मोजलं की थिजल्याला किती काळ झाला ते निघतं. ६.६ कोटी वर्षांत पोटॅशियम-४०चे शंभरातले साडेतीन-चारच अणू मोडलेले असतात, आणि आपल्या काळ्या फत्तरात मुळात पोटॅशियमच थोडं, बऱ्याचदा अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणजे मोजायचा आर्गॉन किती चिमूटभर असेल याचा अंदाज करा. त्यात दगड कुजलेला असेल, भोकांत झिओलाइट भरलेलं असेल, तर आर्गॉन निसटलेला असतो आणि वय खोटं तरुण येतं. उलट जुना आर्गॉन आत अडकून राहिला असेल तर खोटं म्हातारं.

म्हणून नमुना निवडणं हेच अर्धं काम. मांजऱ्या मी घेत नाही, दिसायला कितीही मजेदार असला तरी. हातोडा मारल्यावर खणखणीत वाजणारा, फोडल्यावर आतून काळाशार दिसणारा, भिंगाखाली पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा नसलेला दगड हवा. बद्द आवाज आला की सोडून द्यायचा. नमुन्यावर खोली आणि वरच्या दिशेचा बाण लिहायचा. प्रयोगशाळेत बाहेरची साल कापून टाकतात, आतला भाग भरडतात आणि फेल्डस्पार या खनिजाचे स्वच्छ दाणे सूक्ष्मदर्शकाखाली वेचतात. आता वापरात असलेल्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत हे दाणे अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात, त्यामुळे साध्या पोटॅशियमचा काही भाग आर्गॉन-३९ होतो. मग दाणा टप्प्याटप्प्याने तापवत प्रत्येक टप्प्याला सुटणारा वायू मोजतात. कडेचा कुजका भाग आधी वायू सोडतो, आतला नंतर. बहुतेक टप्प्यांचं वय सारखं आलं तर आकड्यावर भरवसा ठेवायचा. टप्पे वरखाली नाचत असतील तर तो नमुना बाद, त्यावर कितीही खर्च झालेला असो. मला ही पद्धत सर्वांत आवडते ती याचसाठी: आपला नमुना खोटं बोलतोय का, हे ती स्वतःच सांगते.

आपला काळा फत्तर ज्याचा भाग आहे त्या दख्खनच्या लाव्ह्याचं अशा मोजणीतून वय येतं सुमारे ६.६ कोटी वर्षं, आणि मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आसपास आटोपलेले दिसतात. दुसरं, पूर्ण वेगळं घड्याळ झिरकॉनचं. हा स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. म्हणजे आज त्यात सापडणारं शिसं युरेनियम मोडून झालेलं. पश्चिम घाटात लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या लाल मातीत ज्वालामुखीच्या राखेचे झिरकॉन मिळाले, त्यांचीही वयं त्याच सुमाराला येतात. तिसरा पुरावा चुंबकत्वाचा. दख्खनचे बरेचसे थर थिजले तेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट होतं, आणि ते उलटं पर्वही याच काळातलं. वेगवेगळ्या गोष्टी मोजणाऱ्या तीन पद्धती एकाच जागी येऊन थांबतात, तेव्हा मी निश्चिंत होते.

गुरुजींचं साडेसहा आणि माझं ६.६ यात भांडण नाही. साडेसहा हा जुन्या पुस्तकांतला आकडा. मोजणीची प्रमाणं सुधारली तसा तो ६.६ झाला. तुमच्या थराच्या वरखाली जर सलग लाव्हा असेल तर गोगलगाय त्याच काळातली. विशिष्ट लाव्हा-थराचं वय न मोजता याहून बारीक सांगणारा माणूस भेटला तर त्याला पुरावा विचारा.

डायनोसॉर संपले तेही याच सुमाराला. मग तुमची गोगलगाय डायनोसॉरच्या वेळची की नंतरची? इथे नुसती फायसा कामाची नाही, कारण ती लाव्हा सुरू होण्याआधीच्या थरांतही मिळते आणि मधल्या थरांतही. तुमच्यापासून फार लांब नाही, वरोरा तालुक्यात पिसदुरा आहे. तिथले थर लाव्ह्याच्या खालचे. त्यांत डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली लीद मिळते. त्या लिदीत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे २००५ साली सिद्ध झालं. उलट छिंदवाड्याकडे काही आंतरट्रॅपी थर, म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधले गाळाचे थर, डायनोसॉर संपल्यानंतरचे निघाले. तेव्हा तुमच्या थराचा निकाल लागेल तो परागकणांवरून आणि ऑस्ट्राकोड नावाच्या तिळाहून बारीक शिंपल्यांवरून. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून लोक गोगलगाई उचलतात आणि खरा साक्षीदार असलेला गाळ फेकून देतात.

आता तो टोमणा. जीवाश्मावरून दगड, दगडावरून जीवाश्म, हे गोल फिरणं झालं असतं, जर जीवाश्मांचा क्रम घड्याळावरून लावला असता. तो तसा लावलेला नाही. इंग्लंडात कालवे खोदताना विल्यम स्मिथ या सर्वेक्षकाच्या लक्षात आलं की ठरावीक जीवाश्म ठरावीक क्रमानेच येतात, आणि त्यावरून त्याने १८१५ मध्ये नकाशाही छापला. किरणोत्सार माणसाला माहीत व्हायला तेव्हा ऐंशी वर्षं बाकी होती. घड्याळं नंतर आली आणि त्यांनी तोच क्रम दिला. गडबड झाली असती तर इथेच उघडी पडली असती.

पण जीवाश्मांच्या मर्यादाही आपल्याच भागाने दाखवल्या. १९३४ साली वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी प्रश्न उभा केला की दख्खनचा लाव्हा डायनोसॉरच्या काळातला की नंतरचा. छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानसारख्या ठिकाणच्या वनस्पती-जीवाश्मांवरून त्यांचा कल नंतरच्या बाजूने होता. दुसरे लोक आधीच्या. वाद पुढे बरीच वर्षं चालला, कारण दोन्ही बाजूंकडे क्रम होता, घड्याळ नव्हतं. आणि डायनोसॉर संपले त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना लाव्हा सांडलेला निघाला.

चंद्रपूर-वणीच्या कोळशाची गोष्ट उलटी. तो पर्मियन काळातला, २५ ते ३० कोटी वर्षांच्या दरम्यानचा. तिथे मोजायला लाव्हा नाही. मग वय कळलं ते ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं आणि परागकणांवरून. त्याच झाडांचा कोळसा ऑस्ट्रेलियात आहे, आणि तिथे त्याच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे आहेत. घड्याळ तिथलं, आपल्याकडे ते परागांच्या साम्यावरून आणलं. यात उसनवारी आहे हे मी लपवणार नाही, पण ती उघड आणि तपासता येणारी आहे. वाळूच्या दगडातला झिरकॉन मोजून थेट वय काढावं म्हणाल तर तेही फसवं. तो दाणा ज्या ग्रॅनाइटातून झिजून आला त्याचं वय तो सांगतो, वाळू कधी साचली ते नाही.

घड्याळ असूनही मतभेद राहतात, त्याचं उदाहरण बघायला बुलढाण्याला जा. लोणारचं विवर काळ्या फत्तरात आहे. फत्तर ६.६ कोटी वर्षांचा, पण उल्का आदळली ती पुष्कळ नंतर. आदळण्याच्या उष्णतेने वितळलेल्या काचेवर तापदीप्तीची पद्धत वापरली तेव्हा वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं. आर्गॉन-आर्गॉनने २०११ मध्ये आलं ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! तापदीप्तीत खनिजात साठलेली ऊर्जा, तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून, मोजतात, आणि काचेतून ती हळूहळू गळू शकते, तर वय कमी दिसतं. आर्गॉनच्या बाजूने धोका उलटा: न वितळलेल्या जुन्या दगडाचा आर्गॉन मिसळला तर वय फुगतं. त्या संशोधकांनी हा वारशाचा आर्गॉन हिशेबात वेगळा काढला, म्हणून मला दुसरा आकडा जास्त पटतो. पण लोणारच्या पाटीवर पहिला दिसला तर पाटी लिहिणारा अडाणी होता असं समजू नका.

आता करायचं काय. बांधकाम सुरू होण्याआधी आणि पाणी चढायच्या आत विहिरीच्या भिंतीचे फोटो घ्या, वरपासून खालपर्यंत, शेजारी टेप सोडून. पांढऱ्या थराच्या वरच्या आणि खालच्या कडेचे जवळून वेगळे घ्या. थराचा किलोभर गाळ न धुता पिशवीत भरा, पिशवीवर खोली लिहा. गोगलगाई दगडातून ठोकून सुट्या करू नका. हे घेऊन नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात दाखवा. आर्गॉनची सोय मुंबईच्या आयआयटीत आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहे, पण एकट्याने नमुना पाठवून रिपोर्ट आणायची ती जागा नव्हे. थर चांगला निघाला तर अभ्यासकच तुमच्या विहिरीवर येतील.

तोवर मला एवढंच कळवा: पांढऱ्या थराच्या वर जो काळा दगड आहे तो सलग कातळ आहे, की मातीतले सुटे धोंडे?